लाउरोची गादी

एस्तासिओन ब्लांका गावात रिकाम्या खुर्चीला 'लाउरोची गादी' म्हणतात. न्हाव्याकडे तीनपैकी एक खुर्ची मोकळी असली आणि आत येणाऱ्याने विचारलं, "ही कुणाची?" तर न्हावी वस्तरा न थांबवता म्हणतो, "लाउरोची. बस." चर्चच्या बाकावर, लग्नाच्या जेवणात, दवाखान्यात, सगळीकडे तेच. चौसष्ट सालानंतर जन्मलेल्यांना हा लाउरो कोण ते ठाऊकही नसतं. एकदा गुआयमासच्या बसमध्ये ड्रायव्हरने आरशात बघून खुद्द लाउरो बोहोर्केसलाच हाक मारली होती, "आजोबा, उभे का? ती काय, लाउरोची गादी रिकामी आहे की!" सगळी बस हसली. लाउरो जाऊन बसला. गुडघा दुखत होता, आणि बसायला जागा होती.

त्याने रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये एकेचाळीस वर्षं बॉयलरवर काम केलं. आधी वाफेची इंजिनं, ती गेल्यावर डिझेलच्या टाक्या. त्यातली चौदा वर्षं तो वर्कशॉपच्या बेसबॉल संघात दुसऱ्या बेसवर उभा राहिला. सहाशे अकरा सामने. एकाच चेंडूवर दोघांना बाद केलं, असं तीनशे अठ्ठ्याऐंशी वेळा. किनाऱ्याच्या लीगमध्ये दुसऱ्या कुठल्याही बेसवाल्याने हा आकडा गाठलेला नाही. बॅट मात्र त्याच्या हातात शोभेपुरती होती. त्याची पाळी आली की लोक खायला काहीतरी आणायला उठत.

दुसऱ्या बेसचं काम पाठमोरं असतं. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला गडी, चेंडू उचलून तुमच्याकडे टाकतो. बेसवर कॅनव्हासची जाड गादी ठोकलेली असते. तिच्यावर डावा पाय टेकवायचा, वळायचं आणि पहिल्या बेसकडे फेकायचं. तेवढ्यात पहिल्यावरून पळत आलेला माणूस खिळ्यांच्या बुटांनी तुमच्या पायांवर घसरत येतो, आणि तो येताना दिसत नाही. म्हणून पुष्कळ जण गादीला पाय न लावताच वळतात. जवळपास होता म्हणून अंपायरही बाद देऊन टाकतो. लाउरोने चौदा वर्षांत असं एकदाही केलं नाही. त्याच्या डाव्या नडगीवर अकरा व्रण आहेत. वर्कशॉपमध्ये कुणी रिव्हेट अर्धवट बसवला की तो एवढंच म्हणे, "जवळपास बसलाय. काढ आणि परत बसव."

आता वय एक्काहत्तर. वर्कशॉप बंद पडून पाच वर्षं झाली. भोंगा वाजत नाही, तरी तो सहाला दहा मिनिटं असतानाच उठतो. बायको नऊ वर्षांपूर्वी गेली. मुलगी ब्रिहिदा सीमेपलीकडे, तूसॉनला. ती रविवारी फोन करते, "जेवलात का?" विचारते, तो "जेवलो" म्हणतो, आणि फोन ठेवला जातो. स्वयंपाकघरात चूल आणि टेबल यांच्या मधोमध एक फरशी तडकलेली आहे, साधारण गादीएवढी. तव्यावरची तोर्तिया घेऊन टेबलाकडे वळताना लाउरोचा डावा पाय तिच्यावर पडतो. दरवेळी पडतो. बघायला कुणी नसतं.

मार्च महिन्यात नार्सिसो त्याच्याकडे आला. नार्सिसोचं रंगाचं दुकान आहे. त्याचा बाप तोरिबिओ हा वर्कशॉपच्या संघाचा कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू झेलणारा गडी होता, आदल्या वर्षीच वारला.

"मिस्त्री, आहात का घरात?"

"नसायला जाणार कुठे? ये."

टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. नार्सिसोने दुसरी ओढली, म्हणाला, "ही काय, लाउरोची ग..." आणि जीभ चावली.

"बस," लाउरो म्हणाला. "खरंच माझीच आहे ती. मीच विकत घेतली."

नार्सिसो कानापर्यंत लाल झाला. कॉफी आली तेव्हा त्याने विषय काढला. मैदानाची मागची भिंत नवी बांधली होती. तिच्यावर गावातल्या नऊ जुन्या खेळाडूंची नावं रंगवायची होती, नऊ जागांचे नऊ. रंग नार्सिसो देणार होता, म्हणून समितीत त्याचं वजन होतं.

"आठ ठरलेत. दुसऱ्या बेसवर अडलंय. अर्धी समिती चुय आर्मेन्ताच्या बाजूने आहे."

"चुय बॅट चांगली चालवायचा."

"बाराशे चार हिट. लोकांना हिट आठवतात, मिस्त्री. तुमचे तीनशे अठ्ठ्याऐंशी मी सांगितले, तर म्हणाले, ते दोघांमधलं काम, निम्मं शॉर्टस्टॉपचं." नार्सिसोने कप खाली ठेवला. "पण चौसष्टचा मोसम आहे ना. अठ्ठावन्न सामने, एक चूक. ती एक नसती तर शून्य. सबंध मोसम एकही चूक न करता दुसरा बेस सांभाळणारा या लीगमध्ये झालेला नाही. शून्य असेल, तर चुयची माणसंही गप्प बसतील."

"पण एक आहे."

"माझा बाप शेवटपर्यंत म्हणत होता की ती तुमची नव्हती."

ती चूक कुणाची हे लाउरोला अडतीस वर्षं माहीत होतं. तोंडाने त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा.

चौसष्टचा अंतिम सामना, इथल्याच मैदानावर. नववा, म्हणजे शेवटचा डाव. वर्कशॉप एका धावेने पुढे. पाहुण्यांचे दोन बाद, त्यांचा एक गडी तिसऱ्या बेसवर, एक पहिल्यावर. पहिल्यावरचा चोरून दुसऱ्याकडे पळणार हे सगळ्या मैदानाला कळत होतं. अशा वेळी दुसऱ्या गादीवर कुणी धावून जायचं, दुसऱ्या बेसवाल्याने की शॉर्टस्टॉपने, हे त्या दोघांनी आधी ठरवायचं असतं. एवेलिओ एन्सिनास हा शॉर्टस्टॉप. पाहुण्यांना दिसू नये म्हणून तो ग्लव्ह तोंडासमोर आडवा धरी आणि बाजूने फक्त लाउरोला तोंड दाखवी. उघडं तोंड म्हणजे 'तू जा'. मिटलेलं म्हणजे 'मी जातो'. अकरा वर्षं दोघांचं असंच चाललं होतं, आणि हे कॅचरलाही नीटसं ठाऊक नव्हतं.

त्या चेंडूच्या आधी लाउरोने पाहिलं. ग्लव्ह तोंडाशी होता. तोंड मिटलेलं होतं. शिकंज्यासारखं घट्ट.

पळणारा पळाला. तोरिबिओने चेंडू फेकला, सरळ, गुडघ्याच्या उंचीवर. कॅचर माणूस बघून फेकत नाही. गादीवर फेकतो, माणूस तिथे असतोच. त्या दिवशी नव्हता. लाउरो आपल्या जागी, एवेलिओ आपल्या जागी, आणि मध्ये गादी. चेंडू तिच्यावरून गेला तो थेट मैदानाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपर्यंत. दोन्ही धावा झाल्या. शेवटच्या पाळीत वर्कशॉपचे तिघे आले आणि तिघे गेले.

खेळाची वही लिहायला आबुंदिओ होता, स्टेशनचा तारमास्तर. नियम असा आहे की फेक नीट असेल आणि गादीवर कुणीच नसेल, तर जायचं कुणी होतं हे लिहिणाऱ्याने ठरवायचं आणि चूक त्याच्या नावावर मांडायची. आबुंदिओ वही घेऊन बाकाजवळ आला.

"कुणाची होती?"

लाउरो एवेलिओकडे बघत राहिला. खूण त्याने केली होती, सांगायचंही त्यानेच. एवेलिओ जमिनीकडे बघत होता. त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. आबुंदिओ बराच वेळ थांबला. बॅटवाला उजव्या हाताचा होता, तेव्हा सहसा दुसऱ्या बेसवालाच जातो. त्याने लाउरोच्या नावापुढे एक मांडला आणि वही मिटली.

एवेलिओ त्याचा कोंपाद्रे होता. ब्रिहिदाला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच हातावर धरलं होतं. त्या संध्याकाळपासून लाउरो त्याच्याशी बोलला नाही. आणखी एक मोसम ते शेजारी शेजारी खेळले. ग्लव्हच्या आडून खूण होत होती, लाउरो तिच्याप्रमाणे धावत होता, आणि सामना संपला की दोघं दोन वाटांनी घरी जात होते. मग एवेलिओची बदली गुआयमासच्या बंदरावर झाली. ब्रिहिदा पंधरा वर्षांची झाली तेव्हा त्याने तिच्यासाठी पांढऱ्या बुटांचा जोड पाठवला. लाउरोने खोका न उघडता परत केला. ब्रिहिदा दोन दिवस जेवली नाही.

"एवेलिओकाका अजून आहेत," नार्सिसो म्हणाला. "गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, बोलता येत नाही. पण समजतं सगळं. डावा हात चालतो. मी समितीला विचारलंय. त्यांनी लिहून दिलं, की जायचं काम माझं होतं, तर वही दुरुस्त करतील." त्याने खिशातून टाइप केलेला कागद काढला. "खाली सही तेवढी हवी. महिनाअखेरपर्यंत."

"आजारी माणसाकडे सही मागायला जायचं?"

"मी जाऊ का?"

"नको," लाउरो म्हणाला. "ज्याचं काम त्याने करावं."

तीन दिवस कागद टेबलावर पडून होता. लाउरो त्याच्या शेजारी जेवला. चौथ्या दिवशी, शनिवारी, त्याने दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि गुआयमासची सातची बस धरली. वाटेत त्याने काय बोलायचं ते मनाशी जुळवलं. फार शब्द लागणार नव्हते.

दार एवेलिओच्या बहिणीने उघडलं. ओतिलियाने लग्न केलं नव्हतं. तिला लाउरोने शेवटचं पाहिलं तेव्हा तिच्या दोन वेण्या होत्या.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग आत वळून मोठ्याने म्हणाली, "एवेलिओ! कोण आलंय बघ! जग बुडणार आज!" आणि लाउरोला, "या. पाय पुसा. अडतीस वर्षांची धूळ असेल."

मागच्या अंगणात निंबोणीखाली एवेलिओ बसला होता. बारीक झाला होता. डोक्यावर वर्कशॉपची निळी टोपी, धुऊन धुऊन पांढरट झालेली. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. तोंड एका बाजूने ओघळून उघडं राहिलं होतं. उघडं तोंड म्हणजे तू जा, हे लाउरोच्या डोक्यात येऊन गेलं, आणि त्याला स्वतःचाच राग आला.

"कोंपाद्रे," तो म्हणाला.

एवेलिओने पाहिलं. ओळखलं.

ओतिलियाने खुर्ची आणली, कॉफी आणली, गूळ भरलेल्या कोयोता आणल्या. "खा. तो खात नाही, मी एकटीच खाते आणि फुगते."

लाउरोने कोयोता हातात धरली आणि खाल्ली नाही. जुळवलेले शब्द बसमध्येच राहिले होते. त्याने कागद काढला आणि वाचून दाखवला: चौसष्टच्या अंतिम सामन्यात नवव्या डावात दुसऱ्या गादीवर जाण्याचं काम माझं होतं, लाउरो बोहोर्केस याचं नव्हतं.

"एवढंच आहे," तो म्हणाला. "भांडायला आलो नाही. तोंड मिटलेलं होतं तुझं. मी पाहिलं होतं. तुला आठवत असेल तर सही कर. नसेल तर राहू दे."

एवेलिओ ऐकत होता. मग त्याचा डावा हात हळूहळू वर गेला, बोटं टोपीच्या पुढच्या कडेला लागली, आणि हात खाली आला.

"ऊन लागतंय का त्याला?" लाउरोने विचारलं.

"सावलीत तर आहे."

हात पुन्हा वर गेला. टोपीची कड. पुन्हा खाली. एवेलिओ लाउरोकडे बघत होता, डोळा न हलवता. लाउरोला काही कळलं नाही. त्याला वाटलं, आजारी माणसाचा चाळा. मग एवेलिओने हात पुढे केला आणि बोटांनी पेन मागितलं. ओतिलियाने कागदाखाली ट्रे धरला. डाव्या हाताने, एकेक अक्षर ओढत, त्याने सही केली. तिला बराच वेळ लागला. शेवटचं अक्षर काढून झाल्यावर त्याने पेन स्वतःच ट्रेवर आडवं ठेवलं, नीट.

लाउरोने कागदाची घडी केली. "बरं," तो म्हणाला.

ओतिलिया फाटकापर्यंत आली.

"बरं केलंत आलात. तुमचं नाव निघालं की तो म्हणायचा, लाउरोला माहीत आहे. माहीत असलेल्या माणसाला जाऊन काय सांगायचं? मी म्हणायची, जा आणि बोल, गाढवा. नाही."

"काय माहीत आहे?"

"ते मला कधी सांगितलं नाही. तुमचं तुम्हाला. मला आठवतं ते एवढंच, त्या दिवशी तो घरी आला तर सदऱ्यावर रक्त. आई किंचाळलीच. दाढ काढलेल्या तोंडाने कुणी खेळायला जातं का म्हणाली."

"कुठली दाढ?"

"आता हे घ्या! तुम्हीच तर त्याला सकाळी कंपनीच्या दवाखान्यात घेऊन गेला होता."

"मी नाही," लाउरो म्हणाला. "दुसरं कुणी असेल."

"तुम्हीच. आईने तुम्हालाही शिव्या घातल्या होत्या, पाठीमागे."

लाउरो बसमध्ये खिडकीशी बसला. कागद छातीच्या खिशात होता. दाढ. त्याला कुठलीही दाढ आठवत नव्हती. तो सामना त्याने मनात हजार वेळा खेळला होता, प्रत्येक चेंडू, आणि प्रत्येक वेळी नवव्या डावापासून. सकाळपासून कधी खेळला नव्हता.

खाडीच्या पुलाजवळ समोरून दुसरी बस आली. ड्रायव्हरने ओळखीच्या ड्रायव्हरला बघून टोपीच्या कडेला दोन बोटं लावली.

लाउरोचा डावा पाय पुढे सरकला. आपोआप, गादीकडे निघाल्यासारखा. गुडघा समोरच्या बाकावर आपटला.

मग सगळं आलं. दवाखान्याचा हिरवा पडदा. डॉक्टर कापसाचा बोळा एवेलिओच्या तोंडात कोंबत म्हणत होता, "संध्याकाळपर्यंत दात आवळून ठेव. उघडलंस तर रक्त थांबणार नाही." बाहेर येऊन दोघं फलाटावर उभे राहिले. तोंडाची खूण आज चालणार नव्हती. एवेलिओने टोपीच्या कडेला हात लावला आणि लाउरोकडे बोट केलं: तू. मूठ पट्ट्याला लावली आणि स्वतःकडे बोट केलं: मी. लाउरोनेच त्याच्याकडून ते पुन्हा पुन्हा करून घेतलं होतं. अजून एकदा. अजून एकदा. जवळपास नको, नीट कर. एवेलिओ कापसाआडून हसत होता.

आठ डाव ते नीट चाललं. नवव्यात एवेलिओने ग्लव्ह वर नेला. खुणेसाठी नव्हे, गाल सुजला होता, तो दाबून धरायला. आणि मोकळ्या हाताने टोपीच्या कडेला स्पर्श केला. लाउरोने तो हात पाहिला होता. आता त्याला तो हात दिसत होता, बोटांवरच्या मातीसकट. पण ग्लव्ह तोंडाशी गेला तसा अकरा वर्षांच्या सवयीने त्याचा डोळा तोंडावर गेला, आणि तोंड मिटलेलं होतं. ते दिवसभर मिटलेलंच होतं.

आणि नंतर आबुंदिओने विचारलं, कुणाची होती. बोलता येत नव्हतं, पण एवेलिओला लाउरोकडे बोट दाखवता आलं असतं. त्याने जमिनीकडे पाहिलं.

आबुंदिओ सत्तरच्या दशकात वारला. लाउरो त्याच्या मातीला गेला नव्हता.

बसमधून उतरून तो सरळ रंगाच्या दुकानात गेला. नार्सिसो गल्ल्यामागून उठला.

"केली?"

"केली."

"अरे वा! मला वाटलंच होतं! द्या इकडे."

लाउरोने कागद काढला नाही. "चुयचं नाव लिहा," तो म्हणाला.

"काय झालं? सही केली म्हणालात ना?"

"सही त्याची आहे. चूक माझी आहे. त्याने टोपीला हात लावला होता."

"कुठल्या टोपीला? मिस्त्री, ऊन लागलंय तुम्हाला. बसा. पाणी घ्या."

लाउरोने उभ्याउभ्या सांगितलं, चार वाक्यांत. नार्सिसोने ऐकलं आणि दाराकडे बघून आवाज खाली आणला.

"हे कुणाला माहीत आहे?"

"मला."

"आणि त्यांना. त्यांनी स्वतः सही केलीय. त्यांची हरकत नाही, समितीची नाही, आबुंदिओ वर गेला. मग अडतंय कुठे? अहो, चौदा वर्षं तुम्ही गादीला पाय लावल्याशिवाय वळला नाहीत. एकदा..."

"लावला नाही," लाउरो म्हणाला. "त्या दिवशी लावला नाही. आबुंदिओने बरोबर लिहिलंय. एकच्या जागी एकच राहू दे."

"भिंतीवर नाव येणार नाही, मिस्त्री."

"नाव आहे की गावात. रोज घेतात."

लाउरो बाहेर पडला.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी भिंतीवरचा पडदा काढला. दुसऱ्या बेसच्या खाली चुय आर्मेन्ताचं नाव होतं आणि बाराशे चार. चुयने भाषण केलं, रडला, सगळ्यांना बिअर पाजली. लाउरो मागच्या रांगेत होता. अक्षरं जवळून बघून आला. रंगाऱ्याने हात भरीव चालवला होता, कडा साफ होत्या. काम चांगलं झालं होतं. कुणी त्याच्याशी बोललं नाही, कारण काय बोलावं हे कुणाला सुचत नव्हतं. फोनवर ब्रिहिदाने विचारलं, "कार्यक्रम कसा झाला?" तो म्हणाला, "व्यवस्थित." मग थोड्या वेळाने म्हणाला, "ते पांढरे बूट. मी परत पाठवायला नको होते." "आता काय, बाबा," ती म्हणाली. "पाय वाढले माझे."

शनिवारी त्याने परत सातची बस धरली. ओतिलियाने दार उघडलं आणि या वेळी त्याला सरळ अंगणात नेलं. निंबोणीखाली दुसरी खुर्ची मांडलेली होती. लाउरोने बसण्याआधी सहीचा कागद एवेलिओच्या मांडीवर ठेवला.

"हा तुझा. मी दिला नाही. गादी माझी होती, कोंपाद्रे. तू टोपीला हात लावला होतास. मी तोंडाकडे बघत राहिलो." तो खुर्चीवर बसला. "दाढ मी विसरलो होतो. सबंध दाढ."

एवेलिओने कागदाकडे पाहिलं. मग डावा हात उचलला. लाउरोला वाटलं, टोपीकडे जाईल. तो पट्ट्याकडे गेला. मूठ पट्ट्याला लागली आणि तिथेच राहिली.

"नाही," लाउरो म्हणाला. "तुझी नव्हती."

मूठ हलली नाही.

लाउरोने वाकून ती मूठ पट्ट्यावरून काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. हात हलका होता, वाळल्या लाकडासारखा. एवेलिओने तो तसाच राहू दिला. दोघं दुपारपर्यंत बसले. ओतिलियाने एकदा रेडिओवर खेळ लावला, पण आवाज नीट येत नव्हता, तेव्हा तिने तो बंद केला. मग एवेलिओला झोप लागली, तोंड उघडं ठेवून. लाउरो त्यानंतरही तासभर बसला. झोपलेल्या माणसाला सांगण्यासारखं त्याच्याजवळ अडतीस वर्षांचं साठलेलं होतं. त्यातलं त्याने काहीच सांगितलं नाही.

परतीच्या बसला गर्दी होती. मागच्या बाजूला एक जागा मोकळी होती आणि तिच्या शेजारची बाई पिशवी कुठे ठेवावी या विचारात होती.

"इथे कुणी आहे का?" लाउरोने विचारलं.

"छे, लाउरोची गादी आहे," ती म्हणाली. "बसा."

"हो," लाउरो म्हणाला. "माझीच आहे."

बाईला ते कळलं नाही. तिने पिशवी मांडीवर घेतली आणि सरकून त्याला जागा करून दिली.